आधी नजर कमवा, मग लोगो करा: माझ्या सहा शिफारशी



पॅकिंगवरच्या व्हिडिओनंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय. "ताई, लोगो कुठल्या ॲपवर करू? फुकटवालं सांगा." काहींनी तर दुसऱ्या कंपनीच्या पाकिटाचा फोटोच पाठवलाय आणि खाली लिहिलंय, "सेम असंच पाहिजे, कुठे करून मिळेल?"

ॲपचं नाव सांगायला मला दोन सेकंद लागतील. पण आज ते सांगणार नाही. माझं मत असं आहे की लोगो करण्याआधी महिनाभर नुसतं बघायला शिका. आणि काय बघायचं, कुठे बघायचं, तेही मी सांगते. सहा जागा, सहा गोष्टी. मी राहते माझगावात, दुकानही इथेच, त्यामुळे सुरुवात माझगावपासून होईल आणि फार तर गिरगावपर्यंत जाईल.

एक आधीच क्लिअर करते. खाली जी नावं येतील, त्यातल्या कुणीही मला एक रुपया दिलेला नाही. मी स्वतः जाऊन बघितलंय, वापरलंय, म्हणून सांगतेय. तुमच्या गावात या जागा नसतील, तर त्यांच्या जागी तुमच्या गावातल्या जागा घाला. प्रश्न मात्र हेच ठेवा.

माझे ४५ हजार

सल्ला देण्याआधी माझी चूक सांगते, म्हणजे मी हे एवढं ताणून का सांगतेय ते कळेल.

आमचं दुकान मसाले, पिठं आणि फराळाचं. बाबांनी सुरू केलं, मी बीबीए करून त्यात उतरले. डोक्यात एकच, दुकान मॉडर्न करायचं. २०१९ मध्ये मी चकली आणि चिवड्यासाठी छापील पाऊच करायला घेतले. मोबाईलवर शोधून एक फोटो काढला आणि डिझायनरला पाठवला. ब्राऊन कागदासारखा पाऊच, समोर पारदर्शक खिडकी, वर हिरवं पान, वळणदार इंग्रजी अक्षरं आणि खाली बारीक 'होममेड'. डिझायनरने सांगितलं तसं करून दिलं, त्याची काही चूक नाही. पाच हजार पाऊच, नऊ रुपयाला एक. म्हणजे ४५ हजार रुपये. दिसायला एकदम भारी. मी आठवडाभर स्टेटसला ठेवला होता.

दोन-अडीच महिन्यांनी एक काकू तणतणत दुकानात आल्या. हातात चिवड्याचं पाकीट. "हे काय दिलंत? खवट आहे सगळा!" मी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, पत्ता वाचला. माल आमचा नव्हताच. दुसऱ्याच कुणाचा होता. मी म्हटलं, "काकू, हे आमचं नाहीये हो." त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? सगळी पाकिटं सारखीच तर दिसतात."

मी पैसे परत दिले नाहीत, पण त्या काकू पुन्हा आल्याही नाहीत. आणि जाताना दारात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना "इथला चिवडा खवट असतो" हे सांगून गेल्या. न केलेल्या चुकीची शिक्षा मला मिळाली, आणि ती मीच ४५ हजार देऊन विकत घेतली होती. तोपर्यंत अठराशे पाऊच वापरून झाले होते. उरलेले बत्तीसशे पुढे दोन वर्षं मी दुकानातच सुट्टा माल भरायला वापरले.

त्या दिवशी कळलं की माझी नजर तयार नव्हती. मला जे 'छान' वाटलं, ते फक्त मी मोबाईलवर हजार वेळा बघितलेलं होतं. ज्याने तेच ॲप उघडलं, त्यालाही तेच छान वाटलं. म्हणून आम्ही सगळे सारखे दिसायला लागलो.

आता माझ्या शिफारशी. प्रत्येकीतून एक प्रश्न मिळेल, तो वहीत लिहून घ्या.

१. माझगावची टेकडी आणि म्हातारपाखाडी

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. आम्ही सगळे माझगाव गार्डन म्हणतो. काका बॅप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. संध्याकाळी वर जाऊन बसा. खाली हार्बर लाइनची लोकल जाते, पलीकडे गोदीच्या क्रेन आणि जहाजं दिसतात. आता एक खेळ करा. वरून कुठकुठल्या पाट्या वाचता येतात ते मोजा. फार थोड्या. ज्या वाचता येतात त्यांच्यात काय सारखं आहे ते बघा. कमी शब्द, जाड अक्षर, मागच्या रंगाशी सरळ भांडणारा रंग. जिथे आठ ओळी, चार फोटो आणि तीन मोबाईल नंबर आहेत, तो बोर्ड वरून नुसता रंगीत डाग दिसतो.

मग खाली उतरून म्हातारपाखाडीत चक्कर मारा. काका बॅप्टिस्टांचं हेच गाव. जुनी घरं, लाकडी जिने, व्हरांडे. इथे सगळं जवळून बघायचं आहे. दारावरचं नाव केवढं आहे, खिडकीचा रंग भिंतीशी कसा जमवलाय. कुणीही ओरडत नाही, तरी प्रत्येक घर वेगळं ओळखू येतं. एक विनंती, तिथे माणसं राहतात. दारात उभं राहून रील काढू नका. बघा आणि निघा.

प्रश्न पहिला: माझा बोर्ड दुरून वाचता येतो का, आणि माझं पाकीट जवळून बघावंसं वाटतं का? ही दोन वेगळी कामं आहेत. एकच डिझाइन दोन्हीकडे चिकटवू नका.

२. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम

राणीच्या बागेत आपण सगळे लहानपणी प्राणी बघायला गेलोय. त्याच आवारातल्या म्युझियममध्ये मात्र कित्येक जण गेलेले नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा गेले ती तिशी ओलांडल्यावर, आणि घरापासून अंतर किती, तर बसने काही मिनिटं! हे म्युझियम १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं गेलं. मोठी दुरुस्ती करून २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. बुधवारी बंद असतं, आणि निघण्याआधी चालू आहे ना ते एकदा बघून घ्या.

तिथे मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत. मुंबईतली आणि देशातली वेगवेगळी माणसं, वेगवेगळे व्यवसाय. मी तिथे पाऊण तास उभी होते. खालचं लेबल न वाचता बघत जा. कोण काय काम करतो हे पगडीवरून, नेसण्यावरून, हातातल्या वस्तूवरून कळतं. पूर्वीच्या बाजारात ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही समोरचा माणूस कोण हे कळायचं, ते असं.

तिथली दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे मांडणी. एका वस्तूभोवती रिकामी जागा सोडली की तीच वस्तू महाग वाटते. आमच्या दुकानात काउंटरवर मी पूर्वी बावीस बरण्या ठेवायचे. परत आल्यावर सात ठेवल्या. लोक थांबून विचारायला लागले, "हे काय नवीन?" नवीन काहीच नव्हतं. बावीसमध्ये ते दिसत नव्हतं एवढंच.

प्रश्न दुसरा: माझं नाव झाकलं, तर मी काय विकते हे कळतं का?

३. लालबाग-परळच्या गणपती कार्यशाळा

भायखळ्याच्या पुढेच लालबाग. गणपतीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत जा. आणि परवानगी विचारून आत जा, कारण ती त्यांची कामाची आणि कमाईची वेळ असते. मूर्तीला रंग देणारे हात बरेच असतात, पण डोळ्यांची आखणी ठरलेला कसलेला माणूसच करतो. बाकी सगळं झाल्यावर, शांतपणे. सगळा जीव तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

आता याकडे धंद्याच्या नजरेने बघा. तुमच्याकडे बजेट वीस हजार असेल, तर ते बोर्ड, पाकीट, कार्ड, पिशवी, टी-शर्ट असं सगळीकडे थोडं थोडं शिंपडू नका. तुमच्या धंद्याचे 'डोळे' कोणते ते ठरवा आणि तिथे चांगला माणूस लावा. बाकीचं साधं चालेल.

लालबागच्या राजाचं उदाहरण तर समोरच आहे. मंडळ १९३४ चं. दरवर्षी सजावट बदलते, मागचा देखावा बदलतो, वस्त्राचा रंग बदलतो. पण चेहरा आणि बैठक तीच ठेवलेली आहे. कांबळी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या ती मूर्ती घडवतंय. म्हणून फोटो कितीही लांबून काढलेला असो, लहान मूलही ओळखतं. आपण काय करतो? दिवाळीला एक लोगो, पाडव्याला दुसरा, आणि मुलगा कॉलेजातून काहीतरी शिकून आला की तिसरा.

आमच्याकडे न बदलणारी गोष्ट म्हणजे मरून पट्टा आणि त्यावर पिवळी अक्षरं. ती कुठून आली ते पाचव्या नंबरला सांगते. पाऊच आता साधे घेते आणि स्टिकर छापून लावते. दोन्ही मिळून मला साडेपाच रुपये पडतात. सणाला स्टिकरची बाजूची नक्षी बदलते, पट्टा बदलत नाही.

लालबागला गेलाच आहात तर मसाल्याच्या दुकानांतही डोकावा. उन्हाळ्यात मिरची घ्यायला बायका येतात तेव्हा बघा. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी, प्रत्येकीचा लाल वेगळा. ढीग शेजारी शेजारी लावले की तो फरक आपोआप दिसतो. मालाचा रंग हीच सजावट असते. जो रंग तुमच्या मालात फुकट आहे, तो पाकिटावर वेगळा कशाला छापायचा?

प्रश्न तिसरा: माझ्या धंद्यात कधीच न बदलणारी एक गोष्ट कोणती?

४. गिरगाव: नावं जी तोंडाने मागता येतात

पुढच्या रविवारी चर्नी रोडला उतरा आणि गिरगावात पायी फिरा. आपल्यासारख्या छोट्या माणसांनी सुरू केलेले किती मोठे धंदे या गल्ल्यांतून निघाले, ते आठवत चाला. बेडेकरांचं दुकान १९१० चं. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला, पुढे त्याचं कॅमलिन झालं.

दांडेकरांच्या शाईच्या पुडीचं नाव होतं 'घोडा छाप'. नंतर उंट आला. का बरं घोडा, का उंट? मला यात दुकानदाराची अक्कल दिसते. तेव्हा माल काउंटरच्या पलीकडे असायचा, गिऱ्हाईक तोंडाने मागायचं. ज्याला वाचता येत नाही, ज्याची भाषा वेगळी आहे, तोही 'घोडेवाली' म्हणून मागू शकायचा. चित्र आणि नाव एकच.

आता तुमच्या ब्रँडची नावं बघू. मला आलेल्या नावांत 'झेड'वरून सुरू होणारी, दोन 'एक्स' असलेली, संस्कृत आणि इंग्रजीची मोडतोड करून जोडलेली किती नावं आहेत! एका मुलीने मला तिच्या पापडाचं नाव पाठवलं. मी तीन वेळा वाचलं तरी उच्चार कळेना. मी तिला एवढंच म्हटलं, "तुझ्या आजीला फोनवर हे नाव सांग आणि तिला परत म्हणायला लाव." तिने नाव बदललं.

प्रश्न चौथा: गिऱ्हाईक माझा माल शेजारणीला तोंडाने सांगू शकतं का?

५. अक्षरं: आपल्याकडची सर्वात दुर्लक्षित दौलत

गिरगाव सोडण्याआधी अजून एक माणूस सांगते. जावजी दादाजी. गरिबीतून आलेले, लहान वयात छापखान्यात टाइप घासायचं काम करायचे. पुढे त्यांनी स्वतःचे टाइप पाडायला सुरुवात केली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचा देवनागरी टाइप देशभर नावाजला गेला. म्हणजे या माणसाने चांगलं अक्षर हाच आपला माल केला. छापखाने बरेच होते, गिऱ्हाईक यांच्याकडे यायचं ते अक्षरासाठी.

मुंबईत ही परंपरा पुढेही चालू राहिली. कमल शेडगे यांनी कितीतरी मराठी नाटकांच्या नावांची अक्षरं काढली. पेपरातली जाहिरात बघून नाटक विनोदी आहे की गंभीर, हे अक्षरावरूनच कळायचं. २०२० मध्ये ते गेले. र. कृ. जोशी यांनी तयार केलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोजमध्ये आला, आपण सगळ्यांनी कधी ना कधी त्यात टाइप केलंय. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या तिघांचं काम इंटरनेटवर शोधून बघा, तासभर काढा. लोगोवरचा कुठलाही कोर्स घेण्याआधी.

आता कामाची गोष्ट. 'एक टाइप' नावाच्या मुंबईतल्या मंडळींनी केलेले मुक्त, बलू आणि मोदक हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. मोदक नावासारखाच गुबगुबीत आहे, मुलांच्या वस्तूंना, खाऊला शोभतो. बलू जाड आणि हसरा, पाकिटावरच्या नावासाठी छान. मुक्त सरळ आणि स्वच्छ आहे. घटक पदार्थ, वजन, तारीख, एफएसएसएआय नंबर असला बारीक मजकूर त्यात लावा.

आणि आता तो मरून पट्टा. २०२२ मध्ये राज्यात कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही, असाही नियम आला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि सगळीकडे फ्लेक्सवाल्यांकडे रांगा लागल्या. मीही त्या रांगेत होते, कारण मॉडर्न होण्याच्या नादात मी इंग्रजी मोठं आणि मराठी बारीक केलं होतं.

फ्लेक्सवाल्याने दहा मिनिटांत बोर्ड करून दाखवला. जोडाक्षर तुटलेलं, वेलांटी भलत्याच अक्षरावर. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नीट बसत नव्हतं. "चालतं ताई, लोकांना कळतं," तो म्हणाला. त्या दोन महिन्यांत असे 'चालतं'वाले किती बोर्ड लागले ते तुमच्या रस्त्यावर बघा.

मी घरी आले आणि माळ्यावरून बाबांचा जुना पत्र्याचा बोर्ड खाली काढला. मरून रंग, पिवळी अक्षरं, पेंटरकाकांनी हाताने काढलेली. कोपऱ्याला गंज, पण अक्षर ठणठणीत. मी तो दुकानाला टेकवून ठेवला आणि रस्ता ओलांडून समोरच्या फूटपाथवर गेले. तिथून स्पष्ट वाचता येत होता. बसस्टॉपवर गेले, तिथूनही. माझा २०१८ चा महागडा चकाकता बोर्ड तिथून कधीच वाचता येत नव्हता, आणि पाच वर्षांत मी एकदाही समोर जाऊन बघितलं नव्हतं!

त्याच अक्षरांचा छाप घेऊन आम्ही नवीन बोर्ड करून घेतला. विक्री दुप्पट झाली असं मी सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. दोन गोष्टी झाल्या. डिलिव्हरीवाल्या मुलांचे "दुकान नक्की कुठे?" म्हणून येणारे फोन जवळजवळ बंद झाले. आणि एक आजोबा थबकून म्हणाले, "अरे, हे तर तेच दुकान! मला वाटलं बंद झालं." आजोबा आमच्याच भागातले. पाच वर्षं दुकानासमोरून जात होते.

प्रश्न पाचवा: साठीच्या पुढच्या माणसाला माझं अक्षर चष्म्याशिवाय दिसतं का, आणि मराठी नीट लिहिलंय का? छापायच्या आधी कागदावर प्रिंट काढा आणि कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

६. तुमच्या भिंतीवरचं कालनिर्णय

शेवटच्या शिफारशीसाठी घराबाहेरही पडायचं नाही. भिंतीकडे बघा. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय सुरू केलं. पंचांग आपल्याकडे आधीही होतंच, पण ते वाचायला जाणकार लागायचा. त्यांनी ते भिंतीवर आणलं, घरातल्या प्रत्येकाला कळेल असं.

एक पान नीट बघा. तारखेचा आकडा स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. तिथी, सण, संकष्टी जवळ गेल्यावर दिसतं. म्हणजे टेकडीवर शिकलो ते दुरून-जवळून इथे एकाच कागदावर आहे. मागच्या बाजूला वाचायला मजकूर आणि पाककृती. पान उलटलं तरी कागद वाया गेला नाही. आणि चौकटीत आपली आई दुधाचा हिशेब, गॅस लागल्याची तारीख लिहिते. वर्षभर तो कागद कुणी टाकत नाही.

आता तुमच्या पाकिटाची मागची बाजू आठवा. "आमच्याकडे सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल." कोण वाचतं हे? मी भाजणीच्या पाकिटामागे थालीपीठाचं प्रमाण छापलं. किती वाट्या पिठाला किती पाणी, कांदा किती. मागच्या महिन्यात एक बाई म्हणाली, "पाकीट संपलं, पण तेवढा कागद कापून डब्यावर चिकटवलाय." माझं नाव तिच्या स्वयंपाकघरात चिकटलंय, आणि त्यासाठी मला जाहिरातीचा खर्च आला नाही.

प्रश्न सहावा: माल संपल्यावर माझं पाकीट कुणी ठेवेल का?

"पण ताई..."

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार.

"वेळ कुठे आहे?" चार रविवार, अर्धा अर्धा दिवस. खर्च म्हणजे बसचं, लोकलचं तिकीट, म्युझियमचं तिकीट आणि एक चहा. माझे ४५ हजार आठवा.

"गिऱ्हाईक शेवटी चवच बघतं." शंभर टक्के खरं. खराब माल चांगल्या पाकिटाने दुसऱ्यांदा विकला जात नाही. पण तुमची चव चांगली असेल आणि पाकीट दहा जणांसारखं असेल, तर कौतुक भलत्याच्या नावावर जमा होतं आणि दुसऱ्याच्या खवट चिवड्याची शिवी तुमच्या नावावर. माझ्याकडे हेच झालं.

"म्हणजे टेम्प्लेट वापरूच नये?" मीही वापरते. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, 'दुकान उद्या बंद' असल्या पोस्ट टेम्प्लेटवर पाच मिनिटांत होतात. पण बोर्ड, पाकीट आणि नाव या तीन गोष्टी वर्षानुवर्षं राहतात, त्या उसन्या घेऊ नका.

आणि दोन इशारे माझ्याकडून. एक, जुनं दिसतंय म्हणून उगाच जुनं करू नका. तुम्ही मोबाईल कव्हर विकत असाल तर नऊवारीतली बाई आणि जातं छापून काय उपयोग? बाबांचा बोर्ड मी परत आणला कारण तो वाचता येत होता, आठवणीसाठी तो माळ्यावरही चालला असता. दोन, बघणं आणि उचलणं यात फरक आहे. एखाद्या कलाकाराचं अक्षर आवडलं तर त्याला फोन करा, पैसे विचारा, घासाघीस न करता द्या. आपला चिवडा कुणी फुकट मागितला तर आपल्याला राग येतो ना?

गृहपाठ

एक साधी वही घ्या. प्रत्येक जागेला एक पान. फोटो कमी काढा, लिहा जास्त. कारण फोटो काढला की आपण बघणं थांबवतो. शेवटच्या पानावर हे सहा प्रश्न एकाखाली एक लिहा आणि तुमच्या आत्ताच्या बोर्डाला, पाकिटाला, नावाला प्रामाणिकपणे मार्क द्या. मग डिझायनरकडे जा किंवा ॲप उघडा. तेव्हा तुम्ही "सेम असंच पाहिजे" म्हणणार नाही. "मला हे असं का पाहिजे" ते सांगाल, आणि डिझायनरलाही काम करायला मजा येईल.

आज संध्याकाळी सुरुवात म्हणून एकच करा. दुकान असेल तर रस्ता ओलांडून समोर जा आणि स्वतःचा बोर्ड वाचा. दुकान नसेल तर तुमचं पाकीट किचनच्या ओट्यावर दुसऱ्या चार पाकिटांत ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, "यातलं आपलं कुठलं?"

त्यांनी किती सेकंद घेतले, ते मला कळवा. मी वाचते सगळं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत बघत राहा, विकत राहा!